साथीचे दिवस आणि जुनी दुखणी

मराठीत ‘रोग’ आणि ‘दुखणे’ हे शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु ज्याच्या घरात वृद्ध माणूस आहे त्याला त्यांतील भेद सांगावा लागत नाही. रोग येतो, आणि एक तर जातो किंवा रोग्याला घेऊन जातो. दुखणे मात्र घरी मुक्कामाला येते. गुडघा, कंबर, मणका, सांधे, नागीण बरी झाल्यावरही मागे राहिलेली आग, कर्करोगाने हाडात उतरलेला ठणका, यांच्याशी माणसाला वर्षानुवर्षे संसार करावा लागतो. साथींचा इतिहास आपल्याकडे बराच लिहिला गेला आहे. पण तो रोगाचा इतिहास आहे. साथ चालू असताना जुन्या दुखणाइतांचे काय झाले, हा प्रश्न त्या इतिहासाला सहसा पडत नाही. बेळगावच्या सीमाभागात, त्यातही कडोलीसारख्या एका गावाच्या वेशीवर उभे राहून हा प्रश्न विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बेळगाव शहराच्या उत्तरेस असलेले कडोली हे गाव मराठी वाचकांना तेथे भरणाऱ्या साहित्य संमेलनामुळे परिचित आहे. गाव शेतकऱ्यांचे. भाताची लावणी, भाजीपाला, बटाटा ही कामे कमरेत वाकून करावयाची असतात. शहराला लागून असलेल्या शहापूर-वडगाव भागात विणकरांची वस्ती. उत्तरेस निपाणीकडे तंबाखू आणि विडीचा धंदा, ज्यात हजारो स्त्रिया दिवसभर मांडी घालून विड्या वळीत आल्या. व्यवसाय वेगवेगळे असले तरी त्या सर्वांत हात चालतो आणि पाठ वाकते. पन्नाशी ओलांडली की कंबर आणि सांधे बोलू लागतात, हा या मुलखाचा नित्याचा अनुभव आहे.

अशा दुखणाइताला या भागातून उपचारासाठी तीन वाटा फुटतात. पहिली बेळगावची. दुसरी उत्तरेकडची, कोल्हापूर आणि मिरजेची. विल्यम वॉन्लेस या अमेरिकन मिशनच्या डॉक्टराने १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले आणि तेव्हापासून ‘मिरजेला दाखवून आलो’ हे वाक्य कृष्णाकाठापासून मलप्रभेच्या काठापर्यंत घरोघरी ऐकू येऊ लागले. तिसरी वाट घाट उतरून गोव्याची. पणजीला पोर्तुगीज अमदानीत १८४२ साली वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले, आणि त्याची परंपरा आज बांबोळीच्या रुग्णालयात चालू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, पुढे त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. गोवा १९६१ साली मुक्त झाला. राजकारणात या सीमांवरून जे रण माजले ते सर्वश्रुत आहे. परंतु दुखणाइताच्या पायाला ही रेघ फारशी जाणवत नसे. त्याचा गुणाचा वैद्य जेथे असेल तेथे तो जात असे. ही रेघ त्याच्यापुढे भिंतीसारखी उभी राहिली ती २०२० साली. त्या भिंतीची कथा सांगण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

गाठीच्या तापाचे दिवस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ प्रथम ओळखली ती डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. हे मूळचे गोव्यातील हडफड्याचे. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि अधिकाऱ्यांच्या हाती जवळजवळ अनिर्बंध सत्ता आली. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. साथ लवकरच दक्षिणेकडे सरकली आणि बेळगाव-धारवाडचा मुलूख तिच्या तडाख्यात सापडला. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत स्वतःस टोचून सिद्ध केलेली लस १८९८ साली हुबळीत हजारो लोकांना टोचण्यात आली.

घरांची झडती, रोग्याचे विलगीकरण, आगगाडीच्या उतारूंची तपासणी, यात्रा-जत्रांवर बंदी, आणि गाव रिकामे करून माळावर झोपड्यांत राहणे, हे त्या काळचे उपाय होते. त्या काळचे सरकारी तक्ते पाहिले तर लागण किती, मृत्यू किती, टोचणी किती, असे रकाने आढळतात. ते आवश्यकच होते. मात्र जो प्लेगने आजारी नाही, पण दहा वर्षे संधिवाताने अंथरुणास खिळला आहे, त्याला माळावरच्या झोपडीत ओल्या जमिनीवर कसे ठेवले, हे विचारणारा रकाना त्यांत नव्हता.

त्या काळी वेदनेचे तज्ज्ञ नव्हतेच, असे कोणी म्हणेल. आजच्या अर्थाने ते खरे आहे. परंतु हाडवैद्य होता, तेल मुरवणारा होता, तुंबडी लावणारा होता; निर्गुडीचा शेक, रुईच्या पानाचा लेप आणि नारायण तेल हे घराघरांत ठाऊक होते. अफू हे तर जुन्या दुखण्यावरचे सर्वांत प्रबळ आणि सर्वांत धोक्याचे औषध. ज्या १८९७ साली प्लेगने दख्खन हादरत होती, त्याच साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत अ‍ॅस्पिरिन तयार झाले, हा इतिहासाचा एक योगायोग. ते आपल्या खेड्यांत पोहोचावयास पुढे बराच काळ जावा लागला. तोवर दुखणाइताची सारी भिस्त ओळखीच्या हातावर होती. कोणत्या सांध्याला किती दाब सोसतो, कोणाला शेक मानवतो आणि कोणाला नाही, हे ज्ञान ग्रंथात नसते; ते त्या हातात आणि त्या रोग्याच्या देहात मिळून असते. आपण ज्याला हातगुण म्हणतो त्याचा अर्थ हाच.

साथीने हा हात सुटला. शिवाय आणखी एक गोष्ट घडली. प्लेगची खूण म्हणजे ताप, अंगदुखी आणि काखेत किंवा जांघेत उठणारी गाठ. त्यामुळे ‘अंग दुखते’, ‘सूज आली’ असे म्हणणे हीच धोक्याची गोष्ट होऊन बसली. संशयावरून माणसे उचलून नेली जात, म्हणून लोक आजारी माणूस लपवीत, हे मुंबई-पुण्याच्या तत्कालीन वृत्तांतावरून स्पष्ट दिसते. ज्याला वर्षानुवर्षे सूज आणि ठणका सोबत आहे त्याला दुखणे सांगण्याचीच चोरी झाली. साथीच्या रोगाने न मरणाऱ्या माणसाचे साथ कसे हाल करते, याचे हे पहिले उदाहरण समजावे.

१९१८ चा ज्वर आणि २००६ चा वाकवणारा ताप

जून १९१८ मध्ये मुंबईत शिरलेला इन्फ्लुएंझा सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्यांदा उसळला तेव्हा त्याने देशभर एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्या वेळी महायुद्ध चालू होते. पुष्कळ डॉक्टर लष्करी सेवेत दूर गेलेले होते, आणि उरलेल्यांना श्वास घेण्यास फुरसत नव्हती. वैद्यकाचे मनुष्यबळ एका बाजूला ओढले गेले की दुसरी बाजू उघडी पडते, हा धडा त्याही वेळी मिळाला होता. तो फारसा कोणी गिरवला नाही, कारण जुनी दुखणी ही तेव्हा वैद्यकाची बाब न मानता नशिबाची किंवा वयाची बाब मानली जात असे.

त्यानंतरची एक साथ मात्र या विषयाच्या अगदी जवळची आहे. २००६ साली चिकुनगुन्या या डासांनी पसरणाऱ्या तापाने देशात सुमारे १४ लाख संशयित रोगी झाले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या कर्नाटकातले होते. हे नाव आफ्रिकेतील माकोंडे भाषेतले. त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’. ताप चार दिवसांत उतरला, पण पुष्कळांचे सांधे महिनोन् महिने, काहींचे वर्षानुवर्षे, सुटले नाहीत. साथ संपल्याचे जाहीर झाले तरी ती सांध्यांतून चालूच राहिली. साथ जुन्या दुखणाइतांना मागे तर टाकतेच, शिवाय नवे दुखणाईतही निर्माण करते, हे तेव्हा उत्तर कर्नाटकातील खेड्यापाड्यांनी पाहिले.

वेदनेचे शास्त्र

मधल्या काळात वैद्यकाची दृष्टी पालटत होती. जॉन बोनिका या भूलतज्ज्ञाने १९५३ साली वेदनेच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि असा आग्रह धरला की, हट्टी वेदनेवर एकट्या डॉक्टराने इलाज न करता भूलतज्ज्ञ, मज्जातंतूंचा जाणकार, व्यायामोपचार करणारा आणि मनाचा वैद्य यांनी एकत्र बसावे. कर्करोगाच्या वेदनेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली औषधांची पायरीपायरीने चढणारी शिडी सुचविली. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना आश्रम सुरू झाला, जेथे बरे न होणाऱ्या रोग्याची वेदना तरी कमी करणे हेच कार्य मानले गेले; पुढे गोव्यात लोटलीलाही त्याची शाखा निघाली. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेला स्वतंत्र व्याधी म्हणून रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्थान मिळाले. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. भारतातील निरनिराळ्या पाहण्या पाहिल्या तर आठ प्रौढांत एक ते पाचांत एक इतक्या लोकांना अशी वेदना असल्याचे दिसते.

तज्ज्ञ येथे काय करतो, हे थोडे समजावून घेणे इष्ट आहे. जुन्या दुखण्यात वेदनेची मूळ जागा बरी झाली तरी मज्जासंस्था सवयीने ठणकत राहते. हलक्या स्पर्शालाही ती मोठ्या जखमेसारखा प्रतिसाद देऊ लागते. म्हणून उपचार सातत्याचा असावा लागतो. औषधाची मात्रा आठवड्या-आठवड्याने वाढवावी लागते, आणि सोडतानाही हळूहळू सोडावी लागते; मज्जातंतूंवरील औषधे किंवा अफूवर्गातील औषधे एकाएकी थांबली तर वेदना दुणावून परतते, वर झोप आणि चित्त दोन्ही बिघडतात. मणक्याजवळ द्यावयाचे इंजेक्शन, सांध्यात द्यावयाचे इंजेक्शन, व्यायामाची शिकवण, यांचे वेळापत्रक ठरलेले असते. यातील एक दुवा तुटला तर मागची कमाई बरीचशी वाया जाते.

‘वेदना’ आणि ‘वेद’ हे दोन्ही शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या एकाच धातूपासून निघाले आहेत. वेदना ही जाणीव आहे; म्हणून ती मोजता येत नाही, ती सांगावी लागते आणि दुसऱ्याने ती ऐकावी लागते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने जुलै २०२० मध्ये, साथीच्या ऐन भरात, आपली व्याख्या सुधारून पुन्हा जाहीर केली. तीतही वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून होणारा अनुभव मानलेला आहे.

भिंत

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे १८९७ चाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. साथीने झालेला भारतातील पहिला मृत्यू त्याच महिन्यात कर्नाटकात, कलबुर्गीत, नोंदला गेला. २२ तारखेला जनता संचारबंदी झाली, २५ तारखेपासून देश बंद झाला. आगगाड्या थांबल्या. कर्नाटकातील एसटी १९ मेपर्यंत आगारात उभ्या राहिल्या. परराज्यात जाणाऱ्या गाड्या तर त्यानंतरही कित्येक महिने सुटल्या नाहीत. बेळगाव जिल्ह्यात एप्रिलच्या आरंभी रोगी सापडू लागले. हिरेबागेवाडी आणि कुडची ही नावे रोज वर्तमानपत्रांत झळकू लागली.

आता त्या तीन वाटांकडे पाहावे. बेळगावचे जिल्हा रुग्णालय करोनाच्या कामाला जुंपले गेले. मिरजेचे शासकीय रुग्णालय मार्चअखेरीसच करोना रुग्णालय ठरले, कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयही त्याच कामास लागले. गोव्याची सीमा बंद झाली. निपाणीजवळ कोगनोळीला आणि वेंगुर्ले रस्त्यावर शिनोळीच्या बाजूला नाकी बसली. मे महिन्यात कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना काही काळ प्रवेशच बंद केला, नंतर येणाऱ्यास सात दिवस संस्थेत विलग राहण्याचा नियम केला. २०२१ मध्ये याच कोगनोळीवर तपासणीचा दाखला मागितला जाऊ लागला. कडोलीच्या एखाद्या साठीच्या शेतकरणीने, जिच्या मणक्यावर मिरजेला उपचार चालू आहेत, काय करावे? जाण्यासाठी परवाना हवा, परतल्यावर विलगीकरण. आणि परवान्यासाठी कारण लिहावयाचे ते ‘तातडीचे’. कंबर दुखते हे तातडीचे कारण कोण मानील? मंगळूरच्या रुग्णालयांवर भिस्त असलेल्या कासरगोडच्या रोग्यांचा रस्ता अडला तेव्हा ते प्रकरण केरळ उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २०२० मध्ये अत्यवस्थ रोग्यांसाठी वाट उघडली. पण तीही अत्यवस्थांसाठीच. जुन्या दुखणाइताची गणना अत्यवस्थांत होत नाही. हेच त्याचे दुर्दैव.

वाट खुली असती तरी पलीकडे हात मोकळा नव्हता. वेदनेचे तज्ज्ञ बहुतेक भूलतज्ज्ञ असतात. श्वासनलिकेत नळी घालणे, कृत्रिम श्वसनाचे यंत्र सांभाळणे, हे कौशल्यही त्यांचेच. म्हणून साथीने अतिदक्षता विभागात पहिल्यांदा बोलावले ते त्यांना. व्यायामोपचार करणारेही छातीच्या उपचारांकडे वळले. तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया आणि इंजेक्शने पुढे ढकलण्याचा सल्ला सर्वत्र दिला गेला. तो चुकीचा नव्हता. सांध्यातील स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होईल ही शंका रास्त होती, आणि गर्दीच्या दालनात वृद्ध रोग्याला बसवणे हे त्याच्या जिवावरचे संकट होते. बेळगावातील राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्थेसारखी, वनौषधींच्या संशोधनासाठी असलेली संस्थाही करोनाचे नमुने तपासू लागली, यावरून त्या दिवसांची ओढाताण ध्यानात येईल. कोणी कसूर केली असे नव्हे. जे हात होते ते सर्व एकाच कामाला लागले, एवढेच.

सर्वांचाच वाटा किती घटला याचे एक भरवशाचे गणित उपलब्ध आहे. देशातील ४१ कर्करोग केंद्रांनी मार्च ते मे २०२० या काळाची मागील वर्षाशी तुलना केली. नव्या रोग्यांची नोंदणी ५४ टक्क्यांनी, फेरतपासणीच्या भेटी ४६ टक्क्यांनी आणि वेदनाशमनाच्या सेवेकडे पाठवणी २९ टक्क्यांनी घटली होती. कर्करोग तर साथीसाठी थांबला नव्हता. म्हणजे जे दालनात आले नाहीत ते घरी ठणका सोशीत होते. जेथे कर्करोगाची ही स्थिती, तेथे गुडघ्याची आणि मणक्याची काय असेल हे सांगावयास नको.

औषधांची तीच गत

हात नाही तर नाही, औषध तरी? येथेही दुखणाइताची वाट अडली. संधिवात आणि त्वचा-सांध्यांच्या काही व्याधींत ज्याचा वर्षानुवर्षे उपयोग होतो त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला मार्च २०२० मध्ये करोनाचे प्रतिबंधक म्हणून मान्यता मिळाली. २५ मार्चला त्याची निर्यात बंद झाली, २६ मार्चला विक्रीचे नियम कडक झाले. तोवर निरोगी माणसांनीही ते घरात भरून ठेवण्यास आरंभ केला होता. ज्याची बोटे सकाळी त्याच गोळीच्या आधाराने उघडत, त्याच्या वाट्याला दुकानदाराचा नकार आला. पुढे जून महिन्यात मोठ्या चाचण्यांत हे औषध करोनावर निरुपयोगी ठरले. संधिवातावर मात्र ते पूर्वीही उपयोगी होते आणि आजही आहे.

मार्च महिन्यातच फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्याने आयबुप्रोफेन घेऊ नये असे सुचविले आणि ती बातमी वाऱ्यासारखी जगभर पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने चारच दिवसांत, असे टाळण्याचे कारण दिसत नाही, असा खुलासा केला. पण खुलासा बातमीइतका वेगाने कधीच धावत नाही. पुष्कळांनी नेहमीची गोळी भीतीने सोडली.

२५ मार्चलाच सरकारने दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम प्रसिद्ध केले, आणि १३ एप्रिलपासून ई-संजीवनी ही सरकारी सेवा घरबसल्या सल्ला देऊ लागली. हे पाऊल खरोखर मोठे होते. अनेकांना त्याने आधार दिला. तथापि त्या मूळ नियमांत मादक व मनोविकारी द्रव्यांच्या कायद्याखालील औषधे दूरध्वनीवरून लिहून देण्यास मनाई होती. हा कायदा १९८५ चा. त्याच्या जाचामुळे पुढील बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला होता. २०१४ च्या दुरुस्तीने तो जाच थोडा सैल झाला. ट्रामाडॉल हे मध्यम वेदनेवरील सर्वपरिचित औषध २०१८ साली याच कायद्याखाली आले. परिणाम असा की, साधा रक्तदाबाचा रोगी फोनवर औषध लिहून घेऊ शके. ज्याला खरी तीव्र वेदना होती त्याला मात्र डॉक्टरासमोर प्रत्यक्ष जाणे भाग होते, आणि जाण्याची वाट बंद होती. व्यसनाची भीती खोटी नाही. परंतु नियम करताना व्यसनी माणूस डोळ्यांपुढे होता, वेदनेने रात्र जागून काढणारा माणूस नव्हता.

त्यातच १८९७ ची ती जुनी गोष्ट पुन्हा घडली. ताप आणि अंगदुखी ही करोनाचीही लक्षणे. ‘अंग दुखते’ म्हटले की आरोग्य कार्यकर्ती दाराशी येईल, घरावर फलक लागेल, शेजारी दार लावून घेतील, या धाकाने किती तरी जणांनी आपले नेहमीचे दुखणेही गिळले. सव्वाशे वर्षांत औषधे बदलली, यंत्रे बदलली. दुखणे लपवण्याची गरज तशीच राहिली.

बंद दारे

आपल्या मंदिरसमाजाने या विषयाकडे पाहावे असे वाटते त्याला एक खास कारण आहे. वृद्ध दुखणाइताचा दिवस कसा जातो ते आठवावे. पहाटे उठून सांधे मोकळे करीत देवळापर्यंत जाणे, सावकाश प्रदक्षिणा घालणे, सभामंडपात चार समवयस्कांत बसणे, आरतीला उभे राहणे. डॉक्टर ज्याला व्यायाम म्हणतो तो प्रदक्षिणेत होता. ज्याला मनाचा आधार म्हणतो तो सभामंडपात होता. ही सारी व्यवस्था कोणी औषध म्हणून योजलेली नव्हती, पण ती औषधाचे काम करीत होती. २०२० च्या वसंतात देवळांची दारे बंद झाली. कर्नाटकात ती ८ जूनला, महाराष्ट्रात १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, उघडली. त्या वर्षी आषाढीला संतांच्या पादुका बसने पंढरीस गेल्या आणि वारकरी घरीच राहिले. साथ रोखण्यासाठी ते योग्यच होते. पण बंद दाराआड कित्येकांचे गुडघे कायमचे आखडले, हेही तितकेच खरे.

साथीच्या काळात समाजाने स्वतः उभे राहण्याची आपली परंपरा जुनी आहे. प्लेगच्या वेळी मुंबईत निरनिराळ्या जातीपंथांनी आपापली रुग्णालये उभारली. १९१८ मध्ये ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगने वस्त्यावस्त्यांत मदत पोहोचवली. मुंबईस टाटा रुग्णालयात येणाऱ्या परगावच्या कर्करोग्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने निवारा दिला आहे. २०२० मध्येही सीमाभागात अन्नाची पाकिटे आणि शिधा वाटण्यास तरुण मंडळे पुढे आली. मात्र या सर्व सेवेत प्राण वाचवणे आणि भूक भागवणे यांना स्थान होते. वेदना कमी करणे हेही सेवेचे कार्य आहे, ही दृष्टी अजून आपल्यात रुजावयाची आहे.

ती रुजली तर करण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. प्रत्येक देवस्थानाजवळ गावातील अंथरुणास खिळलेल्या आणि दीर्घ उपचार घेणाऱ्या माणसांची यादी असावी. कोणाचा डॉक्टर कोणत्या गावी, कोणते औषध, ते किती दिवस पुरेल, हे तीत असावे. औषधाची चिठ्ठी घरात दोन प्रतींत ठेवावी. साथीत वाट बंद झाली तर त्या यादीच्या आधारे परवाना मागता येतो, औषध आणणारा एक माणूस दहा घरांचे काम करू शकतो. गोव्याच्या देवळांतील अग्रशाळा आणि आपल्याकडील धर्मशाळा यांच्या एखाद्या खोलीत, एरवीही, आठवड्यातून एकदा व्यायामोपचार शिकवणारा माणूस बसू शकतो. सरकारकडे मागणी करावयाची तर ती एवढीच की, आणीबाणीच्या नियमांत ‘अत्यवस्थ’ या शब्दाशेजारी ‘चालू उपचारांत असलेला’ हा शब्दही लिहिला जावा, आणि दोन राज्यांच्या सीमेवरील रोग्यासाठी परवान्याची रीत साथ येण्यापूर्वीच ठरलेली असावी.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये करोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. किती जण गेले, किती जण वाचले, याचे तक्ते इतिहासात राहतील. त्या तक्त्यांत कडोलीच्या त्या शेतकरणीचे नाव कोठेही येणार नाही, कारण ती रोगी नव्हती आणि ती मेलीही नाही. ती फक्त दीड-दोन वर्षे रात्री कूस बदलू शकली नाही. पुढची साथ केव्हा तरी येईलच. तेव्हा आपल्या गावच्या वहीत तिच्या नावाचा एक रकाना आधीच आखलेला असावा.